देवगिरीला पाण्यात पाहताना

कुणाला पाण्यात पाहू नये म्हणतात. दौलताबादच्या देवगिरी गडाला मात्र पाण्यातच पाहावं. पावसाळा सरताना तिथला मोमबत्ता तलाव भरलेला असतो आणि संध्याकाळी वारा पडला की गड दोनदा दिसतो, एक आभाळात आणि एक पाण्यात. आपण मोबाइल काढतो, फोटो टिपतो. घरी आल्यावर तोच फोटो उलटा धरून पाहा. पाण्यातला गड वरच्या गडाची हुबेहूब नक्कल नाहीच!

हे कसं? पाण्यापासून आपला डोळा जितका उंच, तितक्याच खोलीवर पाण्याखाली दुसरा डोळा आहे असं समजा. प्रतिबिंबात आपल्याला जे दिसतं, ते त्या डोळ्याला दिसणारं दृश्य असतं. एकच गड, पण दोन जागांहून पाहिलेला.

थोडा हिशेब मांडू. तुम्ही बांधावर उभे आहात आणि डोळे पाण्यापासून ६ मीटरवर आहेत. समोरच्या काठावर, २०० मीटरवर, ५ मीटर उंचीची बाभूळ आहे. तुमच्यापासून दीड किलोमीटरवर गड, आणि त्याचा पायथा पाण्याच्याच पातळीत धरू. सरळ पाहिलं तर नजर बाभळीच्या शेंड्यावरून थेट पायथ्यापर्यंत जाते. पाण्यातली नजर मात्र ६ मीटर खोलातून वर बघते. तिला तीच बाभूळ आडवी येते आणि गडाचा खालचा सुमारे ७६ मीटर भाग झाकून टाकते. सबंध डोंगर सुमारे २०० मीटरचा! छिन्नीनं तासून सरळसोट उभे केलेले ते प्रसिद्ध कडे एका बाभळीआड गडप होतात.

आता कॅमेरा पाण्यापासून अर्ध्या मीटरवर आणा. वर बाभूळ ३४ मीटर झाकते, खाली ४१ मीटर. दोन्ही गड जुळत आले. जाणते छायाचित्रकार काठच्या चिखलात गुडघे टेकतात ते याचसाठी.

खाली बसण्याचा आणखी एक फायदा आहे. पायाशी सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतं. म्हणून तिथं आभाळाऐवजी तळाचे गोटे दिसतात. नजर पाण्याशी फक्त ५ अंशांचा कोन करू लागली, की तेच पाणी निम्म्याहून जास्त प्रकाश परतवतं. तरीही पाण्यातला गड वरच्यापेक्षा थोडा काळोखा दिसतोच. त्याला उजळवायच्या नादात आभाळ पांढरं पडतं, तेव्हा एक्स्पोजर जपून ठेवावं.

फोकसचीही गंमत आहे. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठावर चिकटलेलं नसतं. तरंगतं पान १० मीटरवर असलं, तरी त्याच्या शेजारी दिसणारा गड दीड किलोमीटरवरच असतो. पानावर फोकस केलात, तर गड धूसर होऊ शकतो.

मग येते झुळूक. पाण्याचा उतार फक्त एका अंशानं बदलला, तर परतणारा किरण दोन अंशांनी वळतो. दीड किलोमीटरवर दोन अंश म्हणजे ५० मीटरहून जास्त. ज्या कड्यापुढं फौजा थबकल्या, तो एवढ्याशा तरंगानं विस्कटतो. सुदैवानं दिवस कलला की जमीन निवू लागते, वरचा वेगवान वारा खाली उतरेनासा होतो आणि पाणी पुन्हा निवांत होतं.

उजेडही रोज तोच नसतो. सूर्य पाठीशी असेल तर कातळ तांबूस उजळतो, गडाआड असेल तर उरते ती काळी आकृती. इथं जून ते डिसेंबर मावळतीची जागा सुमारे ५० अंशांनी सरकते, त्यामुळं एकाच दगडावर बसूनही वर्षभर वेगवेगळे फोटो मिळतात. तांबूसपणा येतो तो हवेमुळं. क्षितिजावरून येणारा प्रकाश डोक्यावरच्या उन्हाच्या ३८ पट हवा ओलांडतो आणि वाटेत निळा रंग विखरून जातो.

तीच हवा किरणांना वाकवतेही. सपाट क्षितिजाला टेकलेलं सूर्यबिंब आपण पाहतो, तेव्हा खरा सूर्य जवळजवळ सगळा खाली गेलेला असतो. हवेनं त्याला सुमारे अर्धा अंश वर उचलून धरलेलं असतं. पाण्यातल्या गडाला खोटा म्हणावं, तर वरचा सूर्य तरी कुठं जागेवर आहे?