लहान छिद्रांतून आंतड्याची शस्त्रक्रिया

मोठ्या आंतड्यांत कर्करोगाची गांठ निघाली, कीं ती गांठ, तिच्या दोन्ही अंगांचें थोडें निरोगी आंतडें आणि तेथल्या रक्तवाहिन्यांलगतच्या लसिकाग्रंथी असा सारा पट्टा शस्त्रवैद्याला एकसंध काढावा लागतो. काय काढावयाचें याविषयीं फारसा वाद नाहीं. वाद आहे तो पोटांत कोणत्या वाटेनें शिरावें याचा.

जुनी वाट म्हणजे पोटावर वीतभर छेद. दुर्बिणीच्या साहाय्यानें आंतडें काढल्याचे पहिले वृत्तांत १९९१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाले. या रीतींत पोट कार्बन डाय-ऑक्साइड वायूनें फुगवितात, चार-पांच लहान छिद्रांतून दुर्बीण व लांब दांड्यांचीं हत्यारें आंत सोडतात आणि सुटा केलेला भाग बाहेर घेण्यापुरता काय तो लहानसा छेद देतात. परंतु आरंभींच एक भयंकर गोष्ट आढळली. कांहीं रोग्यांच्या त्या छिद्रांच्या व्रणांतच कर्करोग पुन्हा उगवला! अनेक शस्त्रवैद्यांनीं हात आखडता घेतला, आणि तें योग्यच होतें. व्रण लहान राहावा म्हणून रोग ओढवून घेणें कोणाला परवडेल?

ही शंका पुष्कळशी फिटली ती २००४ सालीं. अमेरिका व कॅनडा येथील ४८ संस्थांतील ८७२ रोग्यांची, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, दोन गटांत वांटणी करण्यांत आली होती. तीन वर्षांनंतर रोग उलटण्याचें प्रमाण दुर्बिणीच्या गटांत शेंकडा १६, तर उघड्या शस्त्रक्रियेच्या गटांत १८ भरलें. व्रणांत रोग उगवण्याचें प्रमाण दोहोंकडे शेंकडा एकाहूनहि कमी होतें. लाभ मात्र अगदीं साधा निघाला : रुग्णालयांतील मुक्काम सहाऐवजीं पांच दिवस, आणि वेदनाशामक औषधें थोडीं कमी.

गुदाशयाची गोष्ट निराळी. तो हाडांच्या अरुंद पोकळींत, मूत्र व कामक्रिया यांच्या मज्जातंतूंना खेटून असतो. त्याच्याभोंवतालचें मेदाचें वेष्टन न फाटतां अखंड काढलें, तर रोग त्याच जागीं क्वचितच उलटतो, हें बिल हील्ड या इंग्रज शस्त्रवैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८२ सालीं दाखविलें. त्या खोल जागीं सरळ, ताठ हत्यारें अडखळतात. म्हणूनच मनगटासारखीं वळणारीं हत्यारें असलेला रोबो आला. तो स्वतः कांहींच करीत नाहीं. बाजूस बसलेल्या शस्त्रवैद्याचे हातच तो हलवितो. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ४७१ रोग्यांच्या तुलनेंत त्याची सरशी सिद्ध झाली नाहीं. उलट, २०२५ सालच्या चिनी अभ्यासांत त्याच जागीं वा लगत रोग उलटण्याचें तीन वर्षांतील प्रमाण रोबोच्या गटांत शेंकडा १.६, तर साध्या दुर्बिणीच्या गटांत ४ आढळलें. हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाहीं. तथापि यंत्र महाग, आणि हात तरबेज हवेत.

हात तरबेज नसल्यास काय होतें, तें नॉर्वेंत दिसलें. गुदद्वारावाटे खालून वर जाण्याची एक नवी रीत तेथें चालू झाली होती. तींत १५७ पैकीं १२ रोग्यांचा रोग थोड्याच महिन्यांत ओटीपोटांत उलटला. देशानें ती रीत थांबविली.

आणखी एक गोष्ट बाहेर बांकावर बसलेल्या नातलगांसाठीं. २००४ सालच्या त्या अभ्यासांत दुर्बिणीनें आरंभ केलेल्या सुमारें पांचांतील एका रोग्याचें पोट अखेर उघडावेंच लागलें होतें. आंतडीं एकमेकांस चिकटलेलीं असतात, कधीं गांठ अपेक्षेहून पसरलेली निघते, कधीं रक्तस्राव आवरत नाहीं. अशा वेळीं शस्त्रवैद्य दुर्बीण बाजूस ठेवतो आणि मोठा छेद घेतो.