एकतर्फी विजय : इंग्रजीत कोणता शब्द कुठे वापरायचा?

दहावीच्या इंग्रजीत बातमी लिहायचा प्रश्न येतो. आंतरशालेय सामना झाला, आपली शाळा जिंकली, आता बातमी लिहा. बहुतेक मुले 'विन' आणि 'डिफीट' या दोनच शब्दांवर सगळी बातमी काढतात. काही जण मात्र शब्दकोशातून थ्रॅश, राउट, व्हाइटवॉश, वॉकओव्हर असे वजनदार शब्द उचलतात, आणि गडबड होते ती तिथेच. हे शब्द एकाच्या जागी दुसरा असे चालत नाहीत. समोर कुणी होते का? फरक किती होता? घाम गाळावा लागला का? एकच सामना होता की सगळी मालिका? प्रत्येक शब्द यातल्या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. चुकीचा शब्द पडला की बातमीच खोटी होते, आणि जीव तोडून खेळून हरलेल्या पोरांवर उगाच अन्याय होतो.

आधी वॉकओव्हर घेऊ. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतला. शर्यतीत एकच घोडा उरला तरी बक्षीस घरबसल्या मिळत नसे. त्या घोड्याने मैदानावरून नुसते चालत जायचे, झाला विजयी! म्हणजे चालत जाऊन जिंकणे. आपल्याकडे खेळाच्या पानावर यालाच 'पुढे चाल मिळाली' म्हणतात. किती नेमके आहे बघा. समोरचा संघ आलाच नाही, किंवा त्याने ऐनवेळी माघार घेतली, तर वॉकओव्हर. सोडतीत पहिल्या फेरीला प्रतिस्पर्धीच लागला नाही, तर तो 'बाय'. इंग्रजीत अगदी सोप्या सामन्यालाही सैलपणे वॉकओव्हर म्हणतात, शब्दकोशात तो अर्थ सापडेल. पण शाळेच्या बातमीत तो टाळा. वाचणाऱ्याला वाटेल, समोरची टीम आलीच नव्हती!

'हँड्स डाउन' हाही शर्यतीतलाच. घोडा इतका पुढे गेलेला असतो की जॉकी लगाम सैल सोडून हात खाली घेतो. म्हणून 'दे वन हँड्स डाउन' म्हणजे आरामात जिंकले. इथे समोर प्रतिस्पर्धी आहे, फक्त शेवटी जोर लावायची गरज उरली नाही. 'केकवॉक'मध्येही सोपेपणाच आहे, पण त्याचा जन्म वेगळा. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीत राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांच्या एका नाचातून तो आला. ऐटीत चालायचे आणि सगळ्यांत छान चालेल त्या जोडीला केक. एवढा इतिहास मागे असलेला शब्द आपण किती सहज वापरतो.

आता थ्रॅश. हा शब्द शेतकऱ्याच्या घरच्या मुलांना लगेच कळेल. इंग्रजीत धान्याच्या मळणीला 'थ्रेश' म्हणतात, थ्रेशर मशीन तर गावोगाव आहे. थ्रॅश आणि थ्रेश हे मुळात एकच शब्द. काठीने झोडपून दाणे वेगळे करायचे, तसे समोरच्या संघाला झोडपायचे. आणि मराठीत? आपण तूर झोडपतो, पाऊस गावाला झोडपतो आणि फलंदाज गोलंदाजांना झोडपतो! दोन भाषा, एकच खळे. 'ड्रबिंग' याच कुळातला. तो 'मारणे' अशा अर्थाच्या अरबी धातूवरून आला असावा असे मानतात, आणि आपला 'जरब' शब्दही त्याच धातूतला.

या शब्दांना मोठा फरक लागतो. उदाहरण म्हणजे २०२३च्या आशिया चषकाचा अंतिम सामना. कोलंबोत श्रीलंका ५० धावांत गारद. मोहम्मद सिराजचे २१ धावांत ६ बळी. भारताने ६.१ षटकांत एकही गडी न गमावता सामना संपवला. इथे थ्रॅश, ड्रबिंग, राउट, काहीही शोभते. राउट मूळचा लढाईतला शब्द आहे. फौज फुटली, रांगा मोडल्या, पळता भुई थोडी झाली, तर राउट. उच्चार 'राउट' करा आणि स्पेलिंग जपा. शेवटी एक ई जास्त पडला की तो रस्ता होतो!

सगळ्यांत जास्त चुका होतात त्या व्हाइटवॉशमध्ये. भिंतीला चुना मारणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत मात्र 'चुना लावला' म्हणजे फसवले, म्हणून इथे शब्दशः भाषांतर करायला जाऊ नका. क्रिकेटमध्ये मालिकेतले सगळे सामने जिंकले की व्हाइटवॉश. २०२४मध्ये न्यूझीलंडने भारताला भारतातच ३-० असे हरवले. बंगळुरूत ८ गडी राखून, पुण्यात ११३ धावांनी आणि वानखेडेवर फक्त २५ धावांनी. वानखेडेवर भारताला १४७ धावा हव्या होत्या, १२१वर सगळे बाद झाले. आता सांगा, शेवटच्या सामन्याला थ्रॅश म्हणाल का? तो सामना कुणीही जिंकला असता. मालिका मात्र व्हाइटवॉशच. म्हणजे व्हाइटवॉश किती सामने जिंकले ते सांगतो, किती फरकाने जिंकले ते सांगत नाही. 'क्लीन स्वीप'चेही तसेच. झाडू मारून सगळे साफ. २०१५मध्ये दिल्ली विधानसभेच्या ७० पैकी ६७ जागा झाडू चिन्हाच्या पक्षाने जिंकल्या, तेव्हा इंग्रजी मथळे लिहिणाऱ्यांची चंगळ झाली असणार.

निवडणुकीचा खास शब्द लँडस्लाइड. शब्दशः दरड कोसळणे. मराठीत विजयाला दरड कुणी म्हणत नाही, आणि माळीण, इर्शाळवाडी आठवली की म्हणवणारही नाही. आपण लाट म्हणतो. नोव्हेंबर २०२४मध्ये महाराष्ट्रात महायुतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या, तो लँडस्लाइड. पण त्याच निकालात आपल्या शहरातल्या औरंगाबाद पूर्वची जागा अवघ्या २,१६१ मतांनी गेली. एकूण निकाल दरडीसारखा असला तरी एखादी जागा केसावर लटकलेली असू शकते.

लोकसभेचेच बघा. २०१९मध्ये इथे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी जिंकले. हा 'नॅरो' विजय, यात वाद नाही. २०२४मध्ये संदिपान भुमरे १,३४,६५० मतांनी जिंकले. फरक मोठा, 'कम्फर्टेबल' म्हणायला हरकत नाही. पण भुमरेंना ४,७६,१३० मते होती, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरच्या जलील आणि खैरे यांची मिळून ६,३४,९३०. मते अशी विभागलेली असताना लँडस्लाइड लिहायला माझा हात तरी धजावत नाही.

२०२४मध्येच सुरतेत काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली, मतदान झालेच नाही. बिनविरोध; हा अगदी मूळ अर्थाचा वॉकओव्हर. होळकरांच्या इंदूरमध्ये मुख्य प्रतिस्पर्ध्याने माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज काढून घेतला, पण मतदान झाले. शंकर लालवानी सुमारे ११ लाख ७५ हजार मतांनी जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर होता 'नोटा', २,१८,६७४ मतांसह. फरक बघितला तर लँडस्लाइडच्याही पलीकडचा, लढत बघितली तर वॉकओव्हरच्या जवळ. मी असतो तर दोन्ही शब्द टाळून सरळ आकडे आणि माघारीची हकीकत लिहिली असती.

सरावासाठी एक बातमी. तुमच्या शाळेचा खो-खो संघ एक डाव आणि ७ गुण राखून जिंकला, उपांत्य फेरीत समोरचा संघ आलाच नाही आणि अंतिम सामना एका गुणाने जिंकला. तिन्ही विजयांना तीन वेगळे इंग्रजी शब्द वापरून पाच वाक्ये लिहा.