आधी नाक, मग डोळा

नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी परवा दिवसभर माल घासून चमकवणाऱ्या फिरत्या बॅरलपाशी बसून होतो. प्रेसवरून उतरलेल्या बोटभर लांब पितळी पुंगळ्या समोर पडल्या होत्या, तेलाने काळवंडलेल्या. 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. बंदुकीच्या काडतुसाची पुंगळीही याच पितळाची, म्हणून कारखान्यात त्याला ‘कार्ट्रिज ब्रास’ म्हणतात. ओढावं तसं ते ताणलं जातं, फाटत नाही.

बॅरल सांभाळणाऱ्या काकांनी दोन पोती उघडली. एकात अक्रोडाच्या टरफलाचा चुरा, दुसऱ्यात मक्याच्या बुरकुंडाचा. दोन्ही माझ्या तळहातावर ठेवले. अक्रोडाचे कण टोकदार, बोटाला टोचणारे. चिकट काळपटपणा तेच खरवडतात. बुरकुंड मऊ. ते तेल पितं आणि झिलई देतं. आमच्याकडे कणसं सोलली की बुरकुंडं चुलीत जातात. तीच इथे दळून, चाळून कामाला लागलेली पाहून बरं वाटलं. चाळण महत्त्वाची. कण तोंडाच्या मापाचा निघाला, तर पुंगळीत अडकून बसतो.

आधी अक्रोड, नंतर बुरकुंड. बॅरल गच्च भरला तर माल उलटत-पालटत नाही. चुरा कमी पडला तर जॉब, म्हणजे पुंगळ्या, एकमेकांवर आपटून पोचे येतात. पॉलिश थेट जॉबवर ओतायचं नाही. चमचाभर पॉलिश चुऱ्यात टाकून बॅरल काही मिनिटं जॉबशिवायच फिरवायचा, नाहीतर गुठळ्या होऊन पुंगळ्यांना चिकटतात.

मी सोबत नेलेली पॉलिशची बाटली काकांनी उघडली, हुंगली आणि बाजूला ठेवली. “नाकात जातंय. अमोनिया आहे. हे नको.”

या नकारामागे मोठा इतिहास आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत साठवली जात. घोड्यांच्या मुताचा अमोनिया दमट हवेतून पितळापर्यंत पोचे आणि न झाडलेल्या काडतुसांना आपोआप भेगा पडत. प्रेसवर ओढलेल्या पितळात ताण दडून राहतो; अमोनिया नेमका तिथेच शिरतो. हे कोडं 1921 मध्ये ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी उलगडलं. पितळ बेताच्या आचेवर तापवून ताण सैल करायचा आणि अमोनियापासून ते लांब ठेवायचं, हा त्यावरचा उपाय. घोडदळाचा वारसा चालवणारं रणगाडा दलाचं केंद्र आपल्याच शहरात आहे. नगरकरांना ही गोष्ट माहीत असायलाच हवी.

पितळ उजळायला चिंच किंवा सायट्रिक ॲसिड वापरायचं, तर तेही बेतानेच. जास्त वेळ ठेवलं तर वरचं जस्त निघून जातं आणि पिवळं पितळ तांबूस दिसू लागतं.

संध्याकाळी झाकण उघडलं. धूळ बसेपर्यंत आम्ही तोंडावरचा फडका सोडला नाही. काकांनी एक पुंगळी उजेडात धरून आतून पाहिली, मग माझ्या हातात दिली. चमक होतीच. मी ती नाकाशी नेली. खळ्यावरच्या मक्याचा वास येत होता.