पोचा आलेली पट्टी फेकू नका

जुन्या मोटारीवर जे चमकते ते सगळे क्रोम, असे बहुतेकांनी धरलेले असते. नुकसान तिथूनच सुरू होते. फोर्डने 1930च्या मॉडेल ए गाडीला रेडिएटरभोवतीचे कवच स्टेनलेस स्टीलचे दिले. पुढे पन्नासच्या दशकातल्या अमेरिकी गाड्यांच्या दारांवरच्या लांब पट्ट्याही बऱ्याचदा याच धातूच्या असत. बंपर मात्र साध्या पोलादाचा, त्यावर निकेल आणि वर क्रोमचा मुलामा. क्रोमचा तो थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. बफच्या चाकावर जोर दिला की उडतो. स्टेनलेसला मुलामाच नसतो, आरपार एकच धातू, म्हणून त्यावरचा ओरखडा घासून काढता येतो.

1957च्या शेवरोले बेल एअरवर तर दोन धातू शेजारी आहेत: मागच्या पंखावरचा रेघांचा पत्रा ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमचा, त्याभोवतीच्या पट्ट्या स्टेनलेसच्या. तो पत्रा चाकावर धरला की त्याचा संरक्षक थर जातो आणि पुढे तो मळकट पडतो.

मग चुंबक लावून ओळखावे? नाही. 430 जातीच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतो, आणि मोटारींच्या पट्ट्यांना ही जात सर्रास वापरतात. त्यापेक्षा पट्टी उलटून पाठ पाहा. मुलाम्याचे पोलाद बहुधा तिथे गंजलेले सापडते.

‘पोचा आला, म्हणजे पट्टी गेली’ हा सर्वांत महागडा गैरसमज, कारण अशा किती तरी पट्ट्या आता नव्याने बनत नाहीत. पोचा मागून, बारीक टोकाच्या हातोडीने, हलक्या ठोक्यांनी वर आणायचा. जोरात ठोकले तर पत्रा ताणून फुगतो. मग बाहेरून बारीक कानस फिरवायची: जिथे ती लागत नाही तिथे अजून खळगा आहे, पुन्हा मागून ठोका. पृष्ठभाग सपाट झाला की 320, 400, 600 नंबरचे पॉलिश पेपर पाणी लावून, प्रत्येक पेपर आधीच्या रेघांना आडवा. खरी मेहनत इथेच आहे. पेपरकामात राहिलेला ओरखडा बफिंग लपवत नाही, उलट उठून दिसतो.

चाकावर एकाच जागी रेंगाळू नका. स्टेनलेसमध्ये उष्णता लवकर पसरत नाही, तेवढाच भाग तापून निळसर पडतो. पट्टी लाकडी फळीवर पक्की बसवा आणि चाक कडेवरून बाहेर सुटेल असे धरा. कडेत अडकले तर पट्टी हातातून भिरकावली जाते.

‘स्टेनलेस गंजतच नाही’ हेही अर्धेच खरे. क्रोमियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पडदा त्याला राखतो, पण खाऱ्या ओलाव्याने त्यावर बारीक खड्डे पडतात. साध्या पोलादी तारेच्या घासणीने घासले, तर रुतलेले लोखंडाचे कण गंजून तपकिरी ठिपके उमटतात. आणि पट्टी बसवण्याआधी तिच्या मागचा बॉडीचा पत्रा नीट तपासा. क्लिपांच्या भोकांत पाणी साचते. ती गंजली असतील तर साफ करून, प्रायमर लावून मगच नव्या क्लिपा घाला.