यंत्रमागनगरी भिवंडीतील पाळणाघरे : धोरण आणि बालमार्गदर्शन

प्रस्तावना
भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील यंत्रमाग व्यवसायाचे प्रमुख केंद्र होय. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ७.१ लाख होती. येथील श्रमिक स्त्रिया कांडी भरणे, कापडाचे धागे कापणे, गोदामांत माल बांधणे अशी कामे करतात. आई कामावर असताना तान्ह्या मुलाला कोण सांभाळते, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा घरातील आठ-दहा वर्षांची मुलगी हेच असते. त्यासाठी तिची शाळा बुडते. पाळणाघराच्या अभावाची झळ अशा रीतीने एकाच घरातील दोन मुलांना पोहोचते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने पाळणाघराचे धोरण व बालमार्गदर्शन यांचा विचार केला आहे.

कायद्याची चौकट
कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ४८ नुसार ३० हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक होते. मातृत्व लाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ही जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. परंतु भिवंडीतील माग मुख्यतः लहान लहान गाळ्यांत चालतात. तेथील कामगारसंख्या या मर्यादेपर्यंत क्वचितच पोहोचते. घरी बसून काम करणारी स्त्री तर कोणाच्याच हजेरीपटावर नसते.

शासनाच्या पाळणाघर योजनेत, जी २०२२ पासून ‘पालना’ या नावाने ओळखली जाते, सहा महिने ते सहा वर्षे वयोगटातील सुमारे २५ मुलांना दिवसाला साडेसात तास सांभाळण्याची कल्पना आहे. यंत्रमागाची पाळी मात्र बहुधा बारा तासांची असते. उरलेल्या तासांचा भार पुन्हा त्या मुलीवरच पडतो.

विकासवाडीचा धडा
या प्रश्नाची उकल जुन्या ठाणे जिल्ह्यातच झाली होती. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य सुरू केले व पुढे ते कोसबाड येथे नेले. (ही दोन्ही गावे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.) आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांना भावंडे सांभाळावी लागतात, हे ओळखून त्यांनी ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. धाकट्याची सोय झाली की थोरल्याचे शिक्षण सुरू होते, हा त्या प्रयोगाचा गाभा आहे.

बालमार्गदर्शनाच्या पद्धती
१. प्रवेशकाळ : पहिल्या आठवड्यात आईने काही वेळ मुलासोबत थांबावे व तो वेळ क्रमाने कमी करावा. तिला रजा परवडत नसल्यास मुलाच्या परिचयाची दुसरी व्यक्ती चालू शकेल.

२. भाषा : भिवंडीतील घरांत मराठीबरोबर उर्दू, हिंदी, भोजपुरी, तेलुगू बोलली जाते. पाणी, भूक, झोप, दुखणे, आई हे शब्द तरी सेविकेला मुलाच्या भाषेत यावेत. आपले म्हणणे सांगता न आल्यानेही मूल चावते वा मारते.

३. शिस्त : मारणे, कोंडणे, बागुलबुवाची भीती घालणे, खाऊ रोखणे हे सर्व लेखी नियमाने वर्ज्य असावे. शिक्षण हक्क कायद्यातील शिक्षाबंदी सहा ते चौदा वयोगटातील शाळकरी मुलांसाठी आहे. म्हणून पाळणाघराने स्वतःचा नियम करणे आवश्यक ठरते. मुलाचा हात थोपवावा, थोडक्या शब्दांत कारण सांगावे व त्याला दुसऱ्या खेळाकडे वळवावे. मागाच्या खडखडाटात वाढलेले मूल मोठ्याने बोलते. तो उद्धटपणा समजू नये.

४. मूल सोपविणे : आईने नोंदविलेल्या प्रौढ व्यक्तीकडेच मूल द्यावे. मात्र आईला पाळी सोडून येता येत नसल्यास तिने ठरविलेल्या शेजारणीचे नाव आधीच नोंदवून घ्यावे. अन्यथा तोच नियम मुलाला पाळणाघराबाहेर ठेवील.

समारोप
पाळणाघराची वेळ, भाषा आणि नियम आईच्या पाळीशी व मुलाच्या गरजेशी जुळले पाहिजेत. अनेक लहान गाळ्यांनी मिळून, शाळेच्या आवारात वा जवळपास, सामायिक पाळणाघर चालविणे हा भिवंडीसाठी व्यवहार्य मार्ग दिसतो. त्याच्या यशाचे मोजमाप करताना पटावरील बालकांबरोबरच त्यांच्या थोरल्या बहिणींची शाळेतील हजेरीही पाहावी.