आयात केलेल्या खाद्यपदार्थात रेडिएशन आहे का, हे ठरवतं कोण? मुंबईतलं ‘आयरिश लोणी’ प्रकरण काय होतं?

‘परदेशातून आलेल्या अमुक पदार्थात रेडिएशन सापडलं’ असा मेसेज आला की तो केजपासून मुंबईपर्यंत फिरतो. पण हाच प्रश्न एकदा थेट सुप्रीम कोर्टात गेला होता.

नेमकं काय घडलं?

26 एप्रिल 1986 ला चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. किरणोत्सर्गी धूळ युरोपभर पसरली, गवतावर बसली आणि गायींमार्फत दुधात उतरली.

त्यानंतर आयर्लंडचं लोणी मुंबईत आलं. त्याची विक्री थांबवावी, अशी याचिका मुंबई हायकोर्टात झाली. ती फेटाळल्यावर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली. अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेल्या मर्यादेच्या आत असलेले पदार्थ खायला सुरक्षित आहेत, असं समितीने सांगितलं आणि 1988 मध्ये कोर्टाने ते मान्य केलं.

तपासणी कशी होते?

किरणोत्सर्गाला वास नसतो, चव नसते. त्यामुळे नमुना प्रयोगशाळेत गॅमा स्पेक्ट्रोमीटरवर ठेवावा लागतो. कोणतं मूलद्रव्य आहे आणि किती आहे, हे तिथे कळतं. प्रमाण बेक्वेरेलमध्ये मोजतात. एका सेकंदाला एक अणू फुटला, तर एक बेक्वेरेल.

आयोडीन-131 आठ दिवसांत निम्मं होतं. सीझियम-137 ला त्यासाठी 30 वर्षं लागतात. म्हणून अपघाताला काही महिने उलटले की मुख्य लक्ष सीझियमवर असतं. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे दूध घुसळल्यावर बरंचसं ताकात जातं, लोण्यात कमी राहतं.

मग मर्यादा शून्यच का नाही?

कारण शून्य किरणोत्सर्ग असलेलं अन्न मिळणारच नाही. केळ्यातही नैसर्गिक पोटॅशियम-40 असतं. पण अपघातातून आलेलं सीझियम किती चालवून घ्यायचं, हे सरकारं ठरवतात आणि आकडे सारखे नसतात. फुकुशिमानंतर जपानने 2012 पासून साधारण खाद्यपदार्थांसाठी किलोमागे 100 बेक्वेरेल ही मर्यादा ठेवली. ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय मानकात ती 1,000 आहे.

मेसेज आला तर काय बघायचं?

‘सापडलं’ एवढंच पुरेसं नाही. कोणतं मूलद्रव्य, किलोमागे किती बेक्वेरेल, कोणत्या प्रयोगशाळेने मोजलं आणि मर्यादा कोणाची? ही चार उत्तरं नसतील, तर फॉरवर्ड करू नका. आणि माल सुरक्षित असल्याचा दावा कोणी केला, तर त्यांनाही हेच चार प्रश्न विचारा.