इंग्लिश कंट्री हाऊस आणि गृहसजावटीची ‘इंग्रजी शैली’

इंग्लंडमधील ‘कंट्री हाऊस’ म्हणजे खेड्यातील साधे घर नव्हे. कुळांकडून येणाऱ्या खंडावर पोसलेला, विस्तीर्ण जमिनीच्या मध्यभागी उभा असलेला जमीनदार घराण्याचा प्रासाद असा त्याचा अर्थ आहे. फुलाफुलांचे पडदे, किंचित विटलेले गालिचे, ऐसपैस सोफे आणि जुन्या तसबिरी ही सजावट ‘इंग्लिश कंट्री हाऊस शैली’ म्हणून जगभर ओळखली जाते. परंतु हे प्रासाद बांधणाऱ्यांच्या अभिरुचीशी तिचे नाते समजले जाते तितके सरळ नाही. ही शैली कशी घडत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अठराव्या शतकात या घरांतील मुख्य खोल्या प्रतिष्ठेच्या प्रदर्शनासाठी होत्या. डर्बीशायरमधील केडलस्टन हॉलचे काम १७६० पासून रॉबर्ट ॲडम यांच्याकडे आले. छताचे नक्षीकाम, गालिचे, आरसे, फर्निचर या सर्वांची आखणी एकाच दृष्टीने व्हावी, ही त्यांची पद्धत होती. अंतर्गत सजावट ही स्वतंत्र विद्या होय, या आधुनिक कल्पनेचे एक मूळ येथे सापडते. (कोलकात्यात १८०३ मध्ये पूर्ण झालेल्या गव्हर्नमेंट हाऊसचा आराखडा केडलस्टनवरूनच बेतला होता.) खुर्च्या मात्र भिंतीलगत रांगेत असत, नोकर त्या गरजेपुरत्या पुढे आणत व पुन्हा जागेवर ठेवत. खुर्चीच्या पाठीने गिलावा खरवडला जाऊ नये, म्हणून भिंतीवर बेताच्या उंचीवर आडवी पट्टी असे. आता खुर्च्या भिंतीपासून दूर गेल्या, तरी ती पट्टी शोभेसाठी लावली जाते!

खुर्च्या दूर गेल्या, हीच खरी क्रांती होय. उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन यांनी १८१६ मध्ये जुनी औपचारिक बैठक व नवा दिवाणखाना यांची तुलना चित्रांतून मांडली. नव्या खोलीत आसने मोकळेपणाने पसरलेली आहेत. एकाच खोलीत वेगवेगळे गट आपापल्या उद्योगात रमू शकतात, ही आजच्या बैठकीच्या खोलीमागील कल्पना तेथे स्पष्ट दिसते.

छिटेचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. मराठीतील ‘छीट’ आणि इंग्रजीतील ‘चिंट्झ’ हे शब्द एकाच कुळातील. कोरोमंडल किनाऱ्यावरील या रंगीत सुती कापडाने लोकरीच्या व रेशमाच्या विणकरांचा धंदा धोक्यात आला. परिणामी १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापडाच्या वापरावरच व्यापक बंदी घातली. तरीही चोरटा व्यापार चालू राहिला. प्रख्यात नट डेव्हिड गॅरिक यांच्या पलंगासाठी आलेले भारतीय छिटेचे पडदे जकात अधिकाऱ्यांनी जप्त केले होते. तो पलंग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पुढे इंग्लंडमध्येच छापलेली छीट स्वस्त झाली, तेव्हा तिच्या वाट्याला खोळीचे काम आले. मौल्यवान रेशमी गादीकाम ऊन व धूळ यांपासून वाचवणे, हा या खोळींचा हेतू होता. विसाव्या शतकात ही काटकसरीची खोळच शैलीची खूण ठरली.

याचे श्रेय प्रामुख्याने दोन व्यक्तींना जाते. नॅन्सी लँकेस्टर या मूळच्या अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या. १९३३ मध्ये घेतलेल्या ऑक्सफर्डशायरमधील डिचली पार्कमध्ये त्यांनी भव्यतेला सुखसोयींची जोड दिली. १९४४ मध्ये त्यांनी सिबिल कोलफॅक्स यांची सजावट-संस्था विकत घेतली. जॉन फाउलर हे तेथील भागीदार. हा काळ कंट्री हाऊसच्या ऱ्हासाचा होता. १८९४ पासूनची इस्टेट ड्यूटी, शेतीचे घटलेले उत्पन्न आणि दोन महायुद्धे यांमुळे शेकडो घरे पाडली गेली. ती नाहीशी होत असतानाच त्यांच्या जुनाटपणाला सौंदर्यमूल्य प्राप्त झाले, हा योगायोग नव्हे. फाउलर पुढे नॅशनल ट्रस्टचे सल्लागार झाले. त्यांची रंगदृष्टी विलक्षण होती. परंतु स्वतःची अभिरुची आणि इतिहास यांतील सीमारेषा ते पुसट करीत. सडबरी हॉलच्या जिन्याच्या भिंतींना त्यांनी दिलेला पिवळा रंग याच कारणाने वादग्रस्त ठरला.

१९८० च्या दशकात लॉरा ॲश्ली आणि राल्फ लॉरेन यांनी ही शैली मध्यमवर्गीय घरांत पोहोचवली. १९९६ मध्ये आयकियाने ब्रिटिश ग्राहकांना छीट घराबाहेर फेकण्याचे आवाहन जाहिरातीतून केले, यावरून तिचा प्रसार लक्षात येतो.

या प्रसारात घरामागील श्रम आणि धन मात्र दृष्टिआड झाले. यॉर्कशायरमधील हेअरवूड हाऊस थॉमस चिपेंडेल यांच्या फर्निचरसाठी नावाजले जाते. ते बांधणाऱ्या लॅसेल्स घराण्याची संपत्ती वेस्ट इंडीजमधील साखर व गुलामगिरी यांतून आली होती. नॅशनल ट्रस्टने २०२० मध्ये आपल्या ९३ वास्तूंचे वसाहतवाद व गुलामगिरीशी असलेले संबंध प्रसिद्ध केले, तेव्हा ब्रिटनमध्ये तीव्र वाद उसळला. त्या यादीत केडलस्टनही होते: व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांचे ते जन्मस्थान, आणि त्यांनी आशियातून आणलेल्या वस्तूंचा संग्रह त्याच घरात मांडलेला आहे.